ब्रिसेइस कुणाच्या निमित्तानं रडते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ट्रॉयच्या युद्धाची कथा ब्रिसेइसच्या, म्हणजे ग्रीक योद्धा अकिलीसनं लुटीत धरून आणलेल्या बाईच्या तोंडून, 'मी' लावून, मराठीत लिहिताय. नऊ प्रकरणं झालीत. पहिल्या खर्ड्यात ती "सारखी रडते" असं एका मैत्रिणीनं सांगितलं, म्हणून दुसऱ्या खर्ड्यात तुम्ही तिला कणखर केलंत. तर दुसरी मैत्रीण म्हणाली, ही आजची पुण्यातली मुलगी वाटते. आता तुम्हाला विचारायचंय की मूळ कथेत किती बदल चालतो, बाईला नायिका करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि ग्रीकांच्या कथा मराठीत पुन्हा सांगण्यात काही अर्थ आहे का. सोबत पहिली दोन पानं दिलीत, तीही वाचली.

मी गेली एकोणीस वर्षं ग्रीक पुराणकथा मराठीत लिहिते आणि लोकांपुढे वाचते. त्यातल्या बऱ्याच त्या कथांमधल्या बायकांच्या बाजूनं सांगितलेल्या आहेत. तुम्ही ज्या दोन टोकांमध्ये अडकलाय त्या दोन्ही टोकांना मी जाऊन आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बदल किती करावा, ही तुमची खरी अडचण नाही असं मला वाटतं. तुमच्या दोन पानांत ब्रिसेइस बोलायला लागते, पण ती कुणाशी बोलते, केव्हा बोलते, आणि तिला बोलू कसं दिलं गेलं, याचा पत्ताच नाही. छावणीत धरून आणलेली बाई मनातल्या मनात सलग आणि मुद्देसूद बोलत राहते. अशा आवाजापुढे दोनच वाटा असतात. तो विव्हळतो, नाहीतर भाषण देतो. तुमच्या दोघी मैत्रिणींना नेमक्या त्याच दोन गोष्टी खटकल्या.

यातलं बरंच काही तुम्ही कुणाची कथा घेता आणि कुठल्या रूपात सांगता यावर आहे. नाटकात समोर माणसं बसलेली असतात, त्यामुळे 'ऐकतंय कोण' हा प्रश्न अर्धा सुटतो. स्वतःच्या मुलांना मारणारी मेडिया किंवा नवऱ्याला मारणारी क्लायटेम्नेस्ट्रा स्वतःच्या हातानं काहीतरी करतात, त्यांची अडचण वेगळी. नवऱ्याची, ओडिसियसची, वाट पाहणाऱ्या पेनेलपीकडे निदान घर आहे, कोठाराची किल्ली आहे. ब्रिसेइसकडे यातलं काहीच नाही. म्हणून पुढचं बरंचसं अशा बाईबद्दल आहे, जिला घटना बदलता येत नाहीत.

आधी मूळ काव्यात तिच्या वाट्याला काय आलंय ते मोजून पाहू. इलियड, होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं काव्य, सुमारे १५,७०० ओळींचं आहे. अकिलीस आणि अ‍ॅगमेम्नॉन यांचं भांडण पेटतं ते ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन तिला अकिलीसकडून काढून घेतो म्हणून. पहिल्या सर्गात दूत तिला न्यायला येतात, अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस तिला बाहेर आणून त्यांच्या हवाली करतो, आणि ती त्यांच्यामागून 'नाखुशीनं' जाते. तिच्या मनाविषयी होमर त्या वेळी एवढा एकच शब्द देतो. मग ती थेट एकोणिसाव्या सर्गात परत येते, भरपाईच्या सामानाबरोबर: सात तिपायी भांडी, वीस हंडे, बारा घोडे, कामात तरबेज सात बायका, आणि आठवी ब्रिसेइस. त्याच सर्गात जरा आधी अकिलीस भरसभेत म्हणालेला असतो की मी लिर्नेसस, हिचं गाव, जिंकलं त्याच दिवशी हिला आर्टेमिस देवीनं जहाजावर बाण मारून संपवलं असतं तर बरं झालं असतं. ज्या बाईसाठी एवढं महाभारत झालं, तिच्याबद्दल हे बोलणं.

ती झोपडीत शिरते तर समोर पॅट्रोक्लसचं प्रेत. ती त्याच्यावर कोसळते, छाती, गळा, चेहरा ओरबाडते आणि बोलते. चौदा ओळी. सबंध इलियडमध्ये ती एवढंच बोलते. मी गेले तेव्हा तू जिवंत होतास, आले तर हा असा. माझ्यामागे एकावर एक संकटंच येतात. आईबापांनी ज्याला दिलं तो नवरा मी गावासमोर कापला गेलेला पाहिला. एका आईच्या पोटचे माझे तिघं भाऊही त्याच दिवशी गेले. आणि मग ती जे म्हणते ते मला आजही वाचताना थांबवतं: अकिलीसनं माझा नवरा मारला, तेव्हा तू मला रडू दिलं नाहीस. तू म्हणायचास, मी तुला अकिलीसची लग्नाची बायको करीन, जहाजानं त्याच्या मायदेशी, फ्थियाला नेईन, तिथे लग्नाचं जेवण घालीन. तू नेहमीच प्रेमळ होतास, म्हणून तुझ्यासाठी माझं रडणं थांबत नाही.

आता त्यानंतरच्या दोन ओळी बघा. मी त्या मराठीत अशा आणते: "अशी ती रडत बोलली, आणि भोवतीच्या बायका हंबरडा फोडून रडल्या. निमित्त पॅट्रोक्लसचं, दुःख जिचं तिचं."

ग्रीकमध्ये तिथे 'प्रोफासिस' या शब्दाचं रूप आहे. वरवर दिसणारं कारण, सबब. मराठीत त्याला 'निमित्त' हा इतका नेमका शब्द आहे की इंग्रजीतून वाचताना ही ओळ माझ्या हातून कितीदा निसटली असेल कोण जाणे. नवऱ्यासाठी रडायला बंदी होती. मारणाऱ्याच्या मित्रासाठी रडायला मुभा आहे. म्हणून सगळं रडणं त्या मुभेतून बाहेर येतं, तिचंही आणि भोवतालच्या प्रत्येकीचं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या पहिल्या ब्रिसेइस-कथेत मी तिला अ‍ॅगमेम्नॉनपुढे उभं केलं होतं. साऱ्या सैन्यादेखत ती त्याला सुनावते, पाच पानं. वाचन संपल्यावर टाळ्याही आल्या. नंतर सत्तरीच्या एक बाई जवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझं पहिलं मूल गेलं तेव्हा घरात दिराचं लग्न होतं. मला रडू दिलं नाही. चार वर्षांनी शेजारच्या आजी वारल्या, तेव्हा तिथे जाऊन रडले. सगळे म्हणाले, किती जीव होता हिचा आजींवर." एवढं बोलून त्या गेल्या. मी घरी येऊन एकोणिसावा सर्ग उघडला आणि ती पाच पानं काढून टाकली.

तेव्हापासून कुठल्याही बाईची कथा हातात घेतली की मी पहिला प्रश्न विचारते: हिला बोलायला निमित्त काय आहे? कुठल्या कामाच्या, कुठल्या विधीच्या, कुणाच्या मयताच्या आडून हिचा आवाज बाहेर येऊ शकतो? जुन्या ग्रीक कथांमध्ये अशा जागा ठरलेल्या आहेत आणि शोधल्या की भरपूर सापडतात. प्रेताभोवतीचा शोक ही एक. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या प्रेताभोवती इलियडच्या शेवटी तीन बायका क्रमानं बोलतात, त्याची बायको अँड्रोमॅकी, आई हेकुबा आणि सगळ्यांत शेवटी हेलन. एवढ्या मोठ्या युद्धकाव्याचा शेवटचा मोठा आवाज बायकांचा आहे.

दुसरी जागा माग. हेलन आपल्याला पहिल्यांदा भेटते ती जांभळ्या रंगाचं दुपदरी वस्त्र विणताना, आणि त्या वस्त्रात ती काय विणते, तर तिच्यावरून चाललेलं युद्ध. म्हणजे होमर जे गातो तेच ती धाग्यात करते आहे. फिलोमेलाची जीभ कापल्यावर ती आपल्यावर काय गुदरलं ते कापडात विणून बहिणीला पाठवते. सोफोक्लीसनं यावर नाटक लिहिलं होतं, ते हरवलं, पण त्यातला 'धोट्याचा आवाज' हा शब्दप्रयोग ॲरिस्टॉटलनं उद्धृत केल्यामुळे वाचला.

इथे तुमच्या पानांतली एक गोष्ट सांगते. तुम्ही ब्रिसेइसला मागावर 'बसवलंय'. येवल्याचा पैठणीचा माग डोळ्यांसमोर ठेवला की ते साहजिक आहे. पण त्यांचा माग उभा असायचा. वरच्या आडव्या दांडीवरून ताण्याचे धागे खाली लोंबत आणि त्यांना खाली मातीची वजनं बांधलेली. विणकाम वरून सुरू व्हायचं, बाणा वरच्या दिशेनं ठोकायचा. बाई उभी राहून मागासमोर इकडून तिकडे चालायची. म्हणून पहिल्याच सर्गात अ‍ॅगमेम्नॉन क्रिसेइस या धरून आणलेल्या दुसऱ्या मुलीच्या बापाला सांगतो की तुझी मुलगी मी सोडणार नाही, ती माझ्या घरी, स्वतःच्या देशापासून दूर, मागासमोर ये-जा करत आणि माझ्या बिछान्याशी राहत म्हातारी होईल. दिवसभर पायांवर उभी असलेली बाई आणि बसलेली बाई यांची वाक्यं वेगळी येतात. पाय दुखायला लागले की विचार तुटतो. लिहून पाहा, फरक लगेच कळेल.

याच संदर्भात ग्रीसमधल्या पायलॉसच्या पाट्यांविषयी अवश्य वाचा. तिथल्या राजवाड्यात इ.स.पू. १२०० च्या आसपासच्या मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांची लिपी, लिनियर बी, १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसनं उलगडली. त्यात कामकरी बायकांच्या टोळ्यांची नोंद आहे: मिलेटसच्या इतक्या, निडॉसच्या इतक्या, लेम्नॉसच्या इतक्या, सोबत इतक्या मुली, इतके मुलगे, आणि त्यांना द्यायचं धान्य नि अंजीर. एका टोळीसाठीचा शब्द 'धरून आणलेल्या' असा वाचला जातो. या टोळ्यांत एकीचंही नाव नाही. ब्रिसेइस हेही तसं नाव नव्हेच, त्याचा अर्थ 'ब्रिसेउसची मुलगी'. तुमची नायिका स्वतःला मनात कोणत्या नावानं हाक मारते, हे तुम्ही ठरवलंय का? वाचकाला सांगू नका हवं तर, पण तुम्हाला माहीत असू द्या.

आता कणखरपणाबद्दल. तिच्या हाती घटना नाहीत, पण तिच्या डोळ्यांसमोर जे घडतं ते दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. इलियडच्या चोविसाव्या सर्गातली रात्र घ्या. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, हेक्टरचा बाप, शत्रूच्या छावणीत येऊन, ज्यानं मुलगा मारला त्याचेच हात चुंबून, मुलाचं प्रेत मागतो. या प्रसंगावर जगभर लिहिलं गेलंय. पण मधेच दोन-चार ओळी आहेत त्यांवर फारसं कुणी थांबत नाही. अकिलीस दासींना बोलावून सांगतो की हेक्टरला बाजूला न्या, धुवा, तेल लावा, पण प्रायमला दिसणार नाही अशा बेतानं. बापानं मुलाला पाहिलं तर त्याचा संताप आवरणार नाही, आणि मग माझाही आवरणार नाही, ही त्याला भीती. दासी अंग धुतात, जैतुनाचं तेल चोळतात, अंगरखा नि वस्त्र घालतात. मग अकिलीस स्वतः त्याला उचलून ठेवतो.

या दासी कोण? अकिलीसनं आसपासची गावं लुटून आणलेल्या बायका. ज्याच्या भरवशावर आपली गावं वाचतील असं त्यांना कधीकाळी वाटलं असेल, तो ट्रॉयचा राजपुत्र त्यांच्या हाताखाली आहे. बारा दिवस रथामागे फरफटलेला, तरी देवांनी न बिघडू दिलेला. पाणी तापवलं कुणी? तोंडावरची माती पुसताना कुणी काही बोललं का? पलीकडे त्याचा बाप बसलाय, आणि आवाज करायचा नाही असा हुकूम आहे, हे त्यांना कळलं होतं का? याच हेक्टरसाठी, तो मेल्याची बातमी पोचण्याआधी, अँड्रोमॅकीनं ट्रॉयमध्ये न्हाणीचं पाणी तापवायला सांगितलं होतं. ते पाणी वाया गेलं आणि त्याला न्हाऊ घातलं परक्यांच्या छावणीतल्या बायकांनी. त्यांत ब्रिसेइस होती की नाही हे होमर सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या रात्री अकिलीस झोपडीच्या आतल्या कोपऱ्यात झोपला आणि त्याच्या शेजारी ब्रिसेइस होती.

तुम्हाला लागणारा सगळा कणखरपणा मला त्या एका रात्रीत दिसतो. तलवार न देता, भाषण न देता. हात चालू आहेत, तोंड बंद आहे, आणि तिला सगळं समजतंय.

आता बदलाविषयी. 'मूळ कथा' म्हणून एक वस्तू कुठे ठेवलेली नाही, हे आधी मनात पक्कं करा. हेलन ट्रॉयला गेली असं होमर म्हणतो. इ.स.पू. ४१२ मध्ये नाटककार युरिपिडीस रंगमंचावर दाखवतो की ट्रॉयला गेली ती देवांनी केलेली छाया, खरी हेलन इजिप्तमध्ये होती. मेडियाच्या मुलांना कोरिंथच्या लोकांनी मारलं अशीही जुनी परंपरा होती. आईनं जाणूनबुजून मारलं हे आज सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलंय ते युरिपिडीसच्या नाटकामुळे. इ.स.पू. ४३१ च्या त्या स्पर्धेत ते तिसरं, म्हणजे शेवटचं आलं. क्लायटेम्नेस्ट्राच्या, म्हणजे अ‍ॅगमेम्नॉनच्या बायकोच्या, सूडामागे तिच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी आहे असं आपण धरून चालतो, पण होमर तो बळी सांगतच नाही. नाटककार एस्किलस सांगतो, आणि असा सांगतो की विसरता येत नाही: मरताना मुलीनं घराण्याला शाप देऊ नये म्हणून तिच्या तोंडात बोळा कोंबायचा हुकूम बाप देतो.

तेव्हा बदल करायला हरकत नाही, फक्त आपण कुणाची कथा उचलतोय हे ठाऊक हवं. मेडुसाचं उदाहरण मी शिबिरांत नेहमी देते. देवळात तिच्यावर अत्याचार झाला आणि शिक्षा तिलाच मिळाली, केसांचे साप झाले, ही कथा आज 'ग्रीक' म्हणून सांगितली जाते. ती ओव्हिडची आहे, रोमन कवीची, लॅटिनमधली, इसवी सनाच्या सुरुवातीची. त्याच्या सात-आठशे वर्षं आधीच्या ग्रीक कवी हेसिअडकडे मेडुसा जन्मानंच गॉर्गन, म्हणजे राक्षसी, आहे, तिघी बहिणींतली एकटी मर्त्य, आणि समुद्रदेव पोसायडन तिच्याजवळ येतो तो वसंतातल्या फुलांच्या मऊ कुरणात. दोन्हींतून चांगलं लिहिता येतं. पण दोघींना एकत्र कालवून 'ग्रीक लोक असे होते' असा निष्कर्ष काढला तर तो अन्याय आहे, त्यांच्यावरही आणि मेडुसावरही.

माझा स्वतःचा नेम असा: घटना शक्यतो हलवत नाही, घटनांमधली पोकळी भरते. हा नियम म्हणून सांगत नाही. पण वाचकाला शेवट माहीत असतो आणि तो अटळ असतो, यातूनच अशा कथेला ताण येतो. ब्रिसेइस पळून गेली असं दाखवलंत तर तुम्हाला मोकळं वाटेल, पण पायलॉसच्या पाटीवरच्या बायका पळून गेल्या नाहीत.

याहून अवघड एक गोष्ट आहे आणि तिथे बहुतेक नवे लेखक कच खातात. सगळ्या बायका एकमेकींच्या बहिणी करू नका, आणि सगळ्यांना निर्दोष करू नका. होमरच्या दुसऱ्या काव्यात, ओडिसीच्या बाविसाव्या सर्गात पेनेलपीचे मागणीदार मारले गेल्यावर घरातल्या पन्नास दासींपैकी बारा जणी 'फितूर' म्हणून वेगळ्या काढल्या जातात. आधी त्यांच्याकडूनच प्रेतं बाहेर न्यायला लावतात, पाणी आणि स्पंज घेऊन टेबलं-खुर्च्यांवरचं रक्त पुसून घेतात, मग पेनेलपीचा मुलगा टेलेमॅकस त्यांना ओळीनं फासावर लटकवतो. जाळ्यात अडकलेल्या पाखरांसारख्या, होमर म्हणतो, पाय थोडे झटकले, फार वेळ नाही. त्या बारा जणी कोण ते सांगते युरिक्लिया. तीही दासीच, कोवळ्या वयात विकत घेतलेली. अ‍ॅगमेम्नॉनला मारणारी क्लायटेम्नेस्ट्रा त्याच्याबरोबर कॅसँड्रालाही मारते, जी युद्धात धरून आणलेली, म्हणजे ब्रिसेइसच्याच जातकुळीची. क्लायटेम्नेस्ट्राला सूड घेणारी आई म्हणून उभी करा, जरूर करा, पण कॅसँड्राचं प्रेत त्याच खोलीत पडलेलं राहू द्या. इरावती कर्वे यांनी गांधारी आणि कुंतीकडे पाहताना हेच केलं: त्यांचं दुःख पूर्ण पाहिलं आणि त्यांच्या चुकाही तेवढ्याच स्वच्छ पाहिल्या. मराठीत आपल्यासमोर एवढा चांगला वस्तुपाठ असताना आपण बायकांना देव्हाऱ्यात का बसवावं?

भाषेबद्दल दोन गोष्टी, कारण प्रश्न मराठीत लिहिण्याचा आहे. आपण बहुतेक जण हे सारं इंग्रजीतून वाचतो, आणि इंग्रजी भाषांतरं आपापला न्याय मधे घालतात. त्या बारा दासींविषयी टेलेमॅकस बोलतो तिथे काही गाजलेल्या इंग्रजी भाषांतरांत सरळ वेश्यावाचक शिव्या आहेत. ग्रीकमध्ये तिथे शिवी नाही, फक्त 'त्या', स्त्रीलिंगी. २०१७ साली एमिली विल्सनचं ओडिसीचं भाषांतर आलं तेव्हा हा मुद्दा बराच चर्चिला गेला. ग्रीक येत नसेल तर निदान तीन भाषांतरं शेजारी ठेवा. जिथे तिघांचे शब्द वेगळे पडतात, तिथे काहीतरी दडलंय असं समजा.

दुसरी गोष्ट, 'दासी' हा शब्द. मी वर तो वापरलाय, पण कथेत वापरताना जपून. आपल्या कानाला दासी म्हणजे नाटकातली, चवरी ढाळणारी, जरा गोडच वाटते. पेशवाईतल्या कागदांत विकत घेतलेल्या बाईला कुणबीण, बटीक म्हणत. 'बटीक' या शब्दाला जी धार आहे ती दासीला नाही. इलियडच्या तेविसाव्या सर्गात कुस्तीची बक्षिसं मांडली आहेत: जिंकणाऱ्याला बारा बैलांच्या किमतीचं तिपायी भांडं, हरणाऱ्याला चार बैलांच्या किमतीची, कामात हुशार बाई. इथे 'दासी' लिहिलं तर वाक्य झोपतं. मी 'बटीक' लिहिते. संपूर्ण कथेत नाही, कारण मग ती पेशवाईतली कथा होईल, पण जिथे किंमत लावली जाते तिथे नक्की.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मराठीत हे कशाला. बाईच्या बाजूनं ही कथा सांगणं आजचं फॅड आहे असं तुम्हाला कुणी म्हणालं असेल तर ओव्हिडकडे बोट दाखवा. त्यानं दोन हजार वर्षांपूर्वी ब्रिसेइसच्या नावानं अकिलीसला पत्र लिहिलं, आणि त्यात ती सुरुवातीलाच सांगते की माझं ग्रीक नीट नाही, हात परक्या मुलखाचा आहे, आणि जे डाग दिसतील ते आसवांचे. परकी भाषा बोलावी लागणारी बाई! मराठी कादंबरीत ती ट्रॉयकडच्या बायकांशी एक बोली बोलेल आणि अकिलीसशी दुसरी, अडखळत. आपल्याकडे लग्न होऊन घाटावरून कोकणात किंवा थेट दुसऱ्या राज्यात गेलेल्या बाईला हे सांगायला नको. तिला धरून नेलेलं नव्हतं, हा फरक मोठाच आहे आणि तो पुसू नका, पण जिभेची अडखळ तिला माहीत आहे.

आणि निमित्ताची गोष्ट आपल्याला जितकी ठाऊक आहे तितकी क्वचित कुणाला असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या संकलनात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्यात. दळण हे काम, आणि कामाच्या आडून सासर, माहेर, नवरा, सीतेचा वनवास, सगळं बोललं जातं. पहाटे, जात्याच्या घरघरीत, दुसऱ्या कुणाला नीट ऐकू जाणार नाही अशा आवाजात. ट्रॉयमध्ये जातं आणून सीतेच्या ओव्या घाला असं मी म्हणत नाही, तसं करू नकाच. तुमच्या कानात तो सूर आधीपासून आहे, एवढंच लक्षात ठेवा. वाक्य कुठे तुटतं, नाव न घेता कुणाबद्दल कसं बोलतात, मधेच कामाचा शब्द कसा येतो, हे त्या ओव्यांकडून शिका आणि मग तुमची नायिका तिच्या उभ्या मागासमोर तिचं तिचं बोलू दे.

तेव्हा थोडक्यात: घटना बदलण्याआधी निमित्तं शोधा, तिला ताकद देण्यापेक्षा तिच्या डोळ्यांसमोर काय आहे ते द्या, कुणाची आवृत्ती घेताय ते माहीत असू द्या, आणि तिच्या आसपासच्या बायकांना चांगुलपणातून मोकळं करा.

नऊ प्रकरणं टाकून देऊ नका. ती बाजूला ठेवा आणि हेक्टरला धुण्याची ती एक रात्र लिहा, दहाएक पानं. 'मी' राहू दे, पण ती आज वाचकाशी बोलत नसून काही वर्षांनी, दुसऱ्या कुणाच्या तरी प्रेताला तेल लावताना, शेजारच्या तरुण बाईला हलक्या आवाजात सांगतेय असं धरा. ती तरुण बाई कोण, कुठल्या गावची, आणि ते दुसरं प्रेत कुणाचं, हे लिहायला बसण्याआधी ठरवा.